रखवालदाराची पातळ फाईल

सहा वर्षं ती एकच कादंबरी लिहीत होती आणि सहा वर्षांत तिला कोणी लिहिताना पाहिलं नव्हतं. म्हणजे ती लिहायची, पण कुठे आणि कधी हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दातांच्या दवाखान्यात ती नोंदणीच्या खिडकीत बसे. आतून ड्रिलचा आवाज आला की बाहेरचे पेशंट आपापल्या गालाला हात लावून गप्प होत, आणि तेवढ्या शांततेत हिला वाक्य सुचे. ते ती समोर जे असेल त्यावर उतरवी: तारीख उलटून गेलेली अपॉइंटमेंट कार्डं, औषधाच्या पिशव्या, वॉशिंग मशीनच्या गॅरंटीची मागची बाजू. मशीन बिघडलं तेव्हा गॅरंटी सापडेना, आणि सापडली तेव्हा कंपनीला पाठवता येईना, कारण तिच्यावर एक अख्खं वादळ लिहिलेलं होतं.

नवरा चष्म्याच्या दुकानात होता. तो तिला कौतुकानं 'लेखिका' म्हणे आणि घरातले ढीग ओलांडून चालायला शिकला होता. ढिगांना क्रम होता, फक्त तो तिच्या एकटीच्या डोक्यात होता. खिडकीच्या कट्ट्यावरचा ढीग म्हणजे भाग पहिला, फ्रिजवरचा तिसरा, आणि मोडक्या खुर्चीवरचा दुसरा, कारण दुसऱ्या भागावर कोणी बसू नये म्हणून ती खुर्चीच तिनं दुरुस्त करू दिली नव्हती. पहिल्या पानाचे मात्र घरभर अवतार होते. लिहायला बसली की ती पहिलं पान काढी, त्यातला एक शब्द खटके, तो बदलण्यासाठी ते पुन्हा लिहून काढी, आणि मग उठून चहा करी. असं केलं की दिवसभर काम केल्याचं समाधान मिळतं. लिहिणारी निम्मी माणसं त्याच समाधानावर म्हातारी होतात.

प्रकाशिकाबाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा त्यांचा फोन आला तेव्हा त्या चिडल्या नाहीत. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हस्तलिखित आलं तर पुस्तक यंदा निघेल, म्हणाल्या, नाही आलं तर करार रद्द करू, आणि मग आपण नुसत्या चांगल्या मैत्रिणी म्हणून राहू. लेखिकेनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. ओरडणारा माणूस अजून आपल्याकडून काहीतरी मागत असतो. मैत्री करायला निघालेल्या प्रकाशकानं आशा सोडलेली असते. हातात एकवीस दिवस होते.

आणि त्यातच नणंद राहायला आली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. मोठ्या इस्पितळाच्या रेकॉर्ड विभागात तिची एकतीस वर्षं गेली होती, म्हणून सगळं गोत तिला रेकॉर्डताई म्हणे. शिडीवरून पडून तिचा पाय मोडला होता. पडताना तिनं हातातली फाईल सोडली नाही, असं तिच्या हाताखालचे लोक सांगत, आणि त्यात अतिशयोक्ती किती हे विचारायची कोणाची छाती नव्हती. एकटी राहणारी बाई, पायाला प्लास्टर, घरी जिना. भाऊ जाऊन घेऊन आला. पहिल्या संध्याकाळी तिनं कपात दूध ओतण्याआधी त्याचा वास घेतला, पडदा दोन बोटं डावीकडे सरकवला आणि खुर्चीवरच्या ढिगातले कागद नजरेनं मोजले. ते मोजणं लेखिकेला रात्रभर टोचलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातून परतली तर घर मोठं झालेलं दिसलं. कट्टा रिकामा. फ्रिज रिकामा. मोडक्या खुर्चीवर चक्क नवरा बसला होता, भिंतीला टेकून, एका कुशीवर. जेवणाच्या टेबलावर नऊ फायली रांगेनं उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर ठळक अक्षरात नाव होतं: रखवालदार. रखवालदाराची बहीण. बोटवाला. शाळामास्तरीण. शेवटच्या फायलीवर 'समुद्र' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह होतं.

"चारशे सहा कागद," रेकॉर्डताई स्टुलावर पाय ठेवून म्हणाली. "ज्या माणसाचा कागद, त्या माणसाच्या फायलीत. आता कधीही, कोणीही, काहीही शोधून काढावं."

लेखिकेनं एक फाईल उघडून चाळली. इस्पितळात कागद माणसाचा असतो हे खरं. पण कादंबरीत तो आधीच्या कागदाचा शेजारी असतो, आणि सहा वर्षांचा तो सगळा शेजारपाजार एका दुपारीत उठला होता. कुठलं वादळ आधी आणि कुठलं भांडण नंतर, हे आता देवालाही लावता आलं नसतं. तिनं आवाज चढवला नाही, कारण समोर प्लास्टर होतं. एवढंच म्हणाली, की ताई, यांचा क्रम होता हो. ताईनं विचारलं, कुठे लिहिला होतास? क्रम ढिगात होता आणि ढीग गेला होता.

नवऱ्यानं मध्यस्थी म्हणून चहा टाकला. तो उकळेपर्यंत लेखिका फायलींकडे नुसती बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या लक्षात आलं की त्या सगळ्या सारख्या जाडीच्या नाहीत.

कादंबरी रखवालदाराची होती. दीपगृहाचा रखवालदार, देखणा, दुःखी, कमी बोलणारा. सहा वर्षं तिनं त्याच्यावर जीव टाकला होता. त्याची फाईल बोटभरही नव्हती. शेजारची फाईल मात्र पट्टी तुटेल इतकी फुगलेली. ती त्याच्या बहिणीची, जी खरं तर दोनच प्रकरणांपुरती पाहुणी म्हणून यायची होती.

"रखवालदार एकोणचाळीस," ताईनं आकडे सांगितले. "त्यातले तेवीस म्हणजे एकच पान, तेवीस वेळा. उरलेल्यात तो समुद्राकडे बघतो. आता मला एक सांग, या माणसाला झालंय काय? भरती झालाय, पलंग अडवून बसलाय, आणि केसपेपरवर तक्रारच नाही."

"तो आतून तुटलाय, ताई."

"तसं कुठे नोंदवलेलं नाही. ही बहीण बघ, एकशे सत्त्याऐंशी कागद. आली त्या दिवसापासून तिची तक्रार चालू आहे. तेलाचे डबे मोजते, भावाच्या उशीचा अभ्रा उलटा आहे म्हणते, बोटवाल्याशी भांडते आणि मग त्याच्याच बोटीतून फिरते. मी हिचं सगळं वाचलं. दुपारची गोळी घ्यायची राहिली माझी."

लेखिकेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कारण ती बहीण दुधाचा वास घेऊनच दूध ओतायची आणि परक्याच्या घरचे पडदेही सरळ करायची. आणि कारण एका औषधाच्या पिशवीवर, दीड वर्षापूर्वीच्या एका वैतागलेल्या सुट्टीत, ही नणंद आठवडाभर राहून गेल्यावर, लेखिकेनं त्या बहिणीला समुद्रात बुडवून मारलं होतं. रखवालदाराला दुःखी व्हायला काहीतरी कारण हवं होतं म्हणून. ती पिशवी आता कुठल्यातरी फायलीत होती. विचारायची सोय नव्हती.

पण लेखिकेनं त्या तीस मिनिटांत जे ओळखलं ते सहा वर्षांत ओळखलं नव्हतं: जाड फाईल हेच पुस्तक होतं. आपल्याला कोणाबद्दल लिहायचंय हे तिला ठाऊक नव्हतं, तिच्या हाताला मात्र ठाऊक होतं. एकशे सत्त्याऐंशी वेळा त्यानं सांगून पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात इस्पितळाची शिस्त आली. सकाळी सहा ते सव्वासात, जेवणाचं टेबल, पाठ खिडकीकडे. सुचो वा न सुचो, बसायचं. ताईच्या खात्यात पेशंट आला नाही म्हणून खिडकी बंद ठेवलेली कोणी पाहिली नव्हती. एकाच मापाचा कागद, वर कोपऱ्यात तारीख. लिहून झालेलं पान ताईकडे जमा करायचं, आणि जमा झालेलं पान परत हवं तर लेखी अर्ज, कारणासह. लेखिकेनं पहिल्याच दिवशी पहिलं पान मागितलं, एकच शब्द बघायचाय म्हणून. ताईनं कोरा कागद पुढे केला. 'एक शब्द खटकतो' हे कारण स्वच्छ अक्षरात लिहून वाचलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं आणि ती पान दोनकडे वळली. सहा वर्षांत ती पान दोनकडे इतक्या सकाळी कधी पोहोचली नव्हती.

अडण्याचे प्रसंग आलेच. चौथ्या दिवशी बहीण आणि शाळामास्तरीण समोरासमोर आल्या आणि लेखिकेला त्यांच्या तोंडी एक शब्द सुचेना. पूर्वी अशा जागी ती महिनामहिना मुक्काम करी. ताईनं पिशवीतून एक निळं कार्ड काढलं. फाईल कपाटाबाहेर गेली की तिच्या जागी असं कार्ड उभं करतात, तिनं समजावलं: काय गेलंय, कोणाकडे आहे, कधी परत येईल. जागा रिकामी दिसत नाही आणि पुढचं काम अडत नाही. लेखिकेनं कार्डावर लिहिलं, 'दोघींचं भांडण, बाहेर आहे, गुरुवारपर्यंत येईल,' आणि पुढचं प्रकरण सुरू केलं. भांडण बुधवारीच आलं, दवाखान्यात, एक आजोबा कवळीवरून डॉक्टरांशी हुज्जत घालत असताना.

ताईचा आणखी एक हट्ट होता. सव्वासात वाजले की वाक्य अर्धं असलं तरी पेन खाली. लेखिकेनं सुरुवातीला खूप कुरकुर केली, पण दोन दिवसांत तिला त्यातली गोम कळली. अर्धं वाक्य रात्रभर डोक्यात राहतं आणि सकाळी आपल्याआधी टेबलापाशी येऊन बसतं. नवऱ्याचं काम संध्याकाळी. दिवसभराची पानं त्यानं मोठ्यानं वाचायची. जिथे तो जीभ अडखळून थांबे तिथे लेखिका समासात खूण करी. आणि जिथे तो वाचता वाचता मध्येच फोन बघे, तिथे दोन खुणा करी. हा वाचक गुणी होता. त्याला साहित्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे कंटाळा लपवता येत नव्हता.

पानं वाढत गेली. शंभर झाली तेव्हा नवरा खुर्ची दुरुस्त करून घेऊन आला. लेखिका दवाखान्यात गुणगुणायला लागली, इतकी की एका पेशंटनं घाबरून विचारलं, आज कोणाचा दात काढायचा नाही का. रखवालदार हळूहळू बाजूला होत होता आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं. सतराव्या दिवशी तिनं त्याला रजेवर पाठवलं. दीपगृह बहिणीनं चालवायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात जहाजं वेळेवर यायला लागली.

शेवटच्या दिवशी सकाळी फायलींच्या रांगेत एकच निळं कार्ड उरलं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'शेवट, बाहेर आहे.' परत कधी येईल ती जागा तिनं कोरी सोडली होती. बहीण बोट घेऊन वादळात गेली होती आणि बोट उलटली होती. इथवर सगळं कागदावर होतं. पुढे ती पिशवी होती. सहा वाजून गेले, साडेसहा झाले, पेन हललं नाही. मुदत बारा वाजताची.

शेवटी लेखिकेनं मान वर न करता विचारलं, "ताई, त्या दिवशी एक पिशवी सापडली होती का? औषधाची?"

"सापडली."

"वाचलीत?"

"वाचायला काय होतं त्यात? बाई बुडाली, एवढंच. वेळ नाही, कोणी पाहिलं ते नाही, सही नाही. असली मृत्यूची नोंद मी एकतीस वर्षांत घेतलेली नाही. बाजूला ठेवलीय." ताईनं प्लास्टरच्या कडेतून विणायची एक सुई आत घालून खाजवलं. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आणि खरं सांगू का, मी अशी बुडणारच नाही गं. मला पोहता येतं."

लेखिकेनं वर पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होती. रागानं नाही, एखाद्या फायलीत चूक सापडली आणि ती आपणच सुधारणार हे ठाऊक असलं की तिच्या चेहऱ्यावर जे समाधान येई, ते आत्ता होतं.

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं," लेखिका म्हणाली.

"अगं, एकशे सत्त्याऐंशी कागद. माझ्या सख्ख्या आईनं माझ्याकडे एवढं लक्ष दिलं नसेल. एका पिशवीवरून रागावू?"

दोघी हसायला लागल्या तशी नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून बाहेर आला. लेखिकेनं विचारलं, किती लांब पोहता येतं. ताई म्हणाली, तरुणपणी तलाव चार वेळा आडवा कापायची, आता दोन वेळा धर. कुशीवर पोहते, डोकं वर ठेवून, चष्मा भिजू नये म्हणून. लेखिकेनं भराभर लिहून घेतलं. पावणेआठला वादळातून बहीण कुशीवर पोहत, डोकं वर ठेवून किनाऱ्याला लागली, ओल्या कपड्यांचा पिळा काढत दीपगृहाच्या पायऱ्या चढली, आणि दिव्याची काच कोणी पुसली नाही यावरून रजेहून परतलेल्या भावाला तिनं फैलावर घेतलं. त्या दिवशी सव्वासाताचा नियम ताईनं स्वतः मोडला, घड्याळाकडे पाठ करून.

हस्तलिखित साडेअकराला पोहोचलं. प्रकाशिकाबाईंनी आठ दिवसांत वाचलं आणि फोन केला. हसून हसून पोटात दुखलं, म्हणाल्या, पुस्तक घेतलं, आणि ही बाई तुम्हाला मिळाली कुठे?

लेखिकेनं फोन ठेवून निरोप जसाच्या तसा आत नेऊन दिला. ताईचं प्लास्टर आदल्याच दिवशी निघालं होतं आणि ती परत जायची बॅग भरत होती, सगळ्या घड्या एका मापाच्या. निरोप ऐकून तिनं मान डोलावली. मग एक ब्लाउज उलगडून त्याची पुन्हा घडी घालत तिनं विचारलं, "पुस्तकात त्या बहिणीचं वय काय लावलंयस?"

लेखिकेनं जीभ चावली. "एकोणपन्नास."

रेकॉर्डताई तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती आणि तिच्या खात्यात जन्मतारखेत चूक करणाऱ्या कारकुनाला ती तीन दिवस जेवू देत नसे. तिनं ब्लाउज बॅगेत ठेवला, वरून हात फिरवला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "तिथे हात लावू नकोस."