नऊचा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मुलुंडच्या एका चार मजली सोसायटीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी उभा असतो. एकाहत्तरच्या युद्धात मला इथे बसवलं. शत्रूची विमानं आली की मी ओरडायचं आणि लोकांनी लपायचं, एवढंच माझं काम.

युद्ध संपलं. पण यंत्र बसून राहिलं की बिघडतं, म्हणून रोज सकाळी नऊला मला वाजवून बघायचं ठरलं. तिथेच घोळ झाला, मित्रांनो. लोक माझ्या आवाजावर घड्याळं लावू लागले. चौथ्या मजल्यावरच्या द्रौपदीबाई मी वाजलो की काटे जुळवत आणि भाताचा कुकर चढवत. धोक्यासाठी जन्मलेला मी, आणि कौतुक व्हायचं माझ्या वक्तशीरपणाचं. खोटं कशाला बोलू, मी शेफारलो होतो.

पुढे वायर तुटली. दुरुस्तीला कोणी फिरकलं नाही. कबुतरांनी माझ्या तोंडात घरटं केलं, कोणी मानेला दोरी बांधून चादरी वाळत घातल्या. तेव्हा फार वाईट वाटायचं. आता वाटतं, तेच सुखाचे दिवस होते.

गेल्या उन्हाळ्यात देशात हवाई हल्ल्याचा सराव ठरला. नागरी संरक्षण दलाच्या सीतारामनी माझा गंज खरवडला, नवी मोटर बसवली. दुपारी चार वाजता मी जीव तोडून वाजलो. आणि ऐंशीच्या द्रौपदीबाई लगबगीने उठल्या, स्टुलावर चढल्या, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे नऊवर आणले आणि कुकर चढवला.

त्यांची नात रेवती धावत गच्चीवर आली.

"काका, आजी घाबरलीच नाही हो! भात लावला तिने. खरंच अणुबॉम्ब येणार असला तर किती वेळ मिळेल?"

सीताराम पाना पुसत राहिले. "क्षेपणास्त्रावरून आला तर... कुकरच्या तीन-चार शिट्ट्या होतील, बस."

"मग जायचं कुठे?"

"खाली."

"खाली पार्किंग आहे, काका."

त्यांनी पाना पिशवीत टाकला.

रेवती रोज आजीला पेपर वाचून दाखवते. खिडकीतून मलाही ऐकू येतं. जगातली अण्वस्त्रंही माझ्यासारखीच नवी केली जात आहेत म्हणे. जुनी काढून जास्त वेगवान बसवतात. सर्वांत जास्त अण्वस्त्रं असलेल्या दोन देशांत एक करार होता. सज्ज अस्त्रं ठरल्यापेक्षा जास्त ठेवायची नाहीत, आणि एकमेकांकडे माणसं पाठवून ती मोजू द्यायची. तो करार या फेब्रुवारीत संपला. त्याच्या जागी नवा झालेला नाही. हे ऐकल्यापासून वाऱ्याने माझ्या आतल्या पंख्याचं पातं जरा हललं तरी मला धडकी भरते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मला खुशाल गंजू द्या, पुन्हा चादरी वाळत घाला. काळजी घ्यायची तर अशा करारांची घ्या. बोलणी बंद पडली की तेही गंजतात. मोठ्या माणसांना विचारत राहा, बोलणी पुन्हा कधी सुरू करणार?

रेवतीने आजीला कितीदा समजावलं, की आता भोंगा म्हणजे नऊ नव्हे. "कळलं गं बाई," असं त्या दरवेळी म्हणतात.

काल दुपारी सीतारामनी मोटर तपासली. मी नुसता घसा खाकरला, आणि चौथ्या मजल्यावर स्टूल ओढल्याचा आवाज आला.