माती परीक्षण

नूतनने स्वतःच काढलेली युक्ती त्या दिवशी तिच्याच अंगाशी आली.

नूतन धुळ्याला देवपुरातल्या एका संस्थेत कामाला होती. जन्माच्या दाखल्यावर मुलगा लिहिलेलं, पण आपण बाई आहोत हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. जगाला पटायला मात्र फार वेळ लागला. संस्थेचं फेसबुकचं पान ती सांभाळायची. आधी त्याला सरळ नाव दिलेलं, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष आणि तृतीयपंथी यांच्या आरोग्यासाठी म्हणून. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. फिरकणार कसं? घराघरात एकाच्या मोबाइलवर दहा जण बोटं फिरवतात! मग नूतनने डोकं लढवलं. पानाचं नाव ठेवलं 'बागायतदार मित्र' आणि वर लावला केळीचा घड. आता बघा काय बघायचं ते. एचआयव्हीची तपासणी म्हणजे माती परीक्षण, निरोध म्हणजे कुंपण, रोजची गोळी म्हणजे ठिबक. कुणी आडून आडून विचारायला लागला की ती फोन करून त्याला ही बोली शिकवायची. अधूनमधून खरेखुरे शेतकरीही यायचे, केळीच्या पानावर करपा रोग पडलाय, काय फवारू म्हणून. त्यांना ती हात जोडून कृषी केंद्राकडे धाडायची.

यावलकडचा योगराज असाच बरेच दिवस लिहीत होता. जळगावला शिकताना तो ज्याच्याबरोबर राहिला, तो आता आजारी होता. 'माती बिघडली असंल तर?' एवढं एकच तो पुन्हा पुन्हा विचारायचा. गावच्या दवाखान्यात सगळे ओळखीचे, तिथे जायची सोय नाही.

"घाबरू नको रे भाऊ, बठ्ठं बरं व्हई," नूतन आपल्या अहिराणीत धीर द्यायची. "तू फक्त धुळ्याला ये."

शेवटी तो एकदाचा हो म्हणाला. पण ठरल्या दिवशी दारात उभे राहिले टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ, हातात मातीची पिशवी घेऊन.

"मी नथ्थू. योगराजचा बाप," ते म्हणाले. "पोऱ्याच्या मोबाइलवर तुमचं पान अन् पत्ता पाह्यला. पोऱ्या धड जेवत न्हाई, झोपत न्हाई, मातीचंच इचारत राह्यते. म्हटलं, आपुनच नेऊन द्यावं."

नूतन सावध झाली. एक शब्द चुकला तर पोराचं घर सुटलं असतं. तिचं स्वतःचं सुटलेलं होतं, तिला ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

"बसा ना आबा," ती म्हणाली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग पिशवी उघडून, फार कळतं असं दाखवत, तिने माती चिमटीत घेतली. भुरकट माती, आणि तिच्यात चक्क गुटख्याची पुडी! वावरातसुद्धा पुड्या टाकतात मेले, तिच्या मनात आलं.

"मातीचा काय प्रश्न हाये?" आबांनी विचारलं. "पोऱ्यानं काही सांगितलं का?"

"काही नाही हो. केळीचंच विचारतो. पण ज्याने नाव लावलं त्यालाच यावं लागतं, आबा. रिपोर्ट दुसऱ्याच्या हातात देत नाही आम्ही. योगराजलाच पाठवा."

आबांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "धाडतो" म्हणाले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी योगराज आला. नूतन त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, रक्त दिलं, आणि जे नको होतं तेच निघालं. तिथल्या ताईंनी नीट समजावलं, की रोज गोळी घेतलीस तर म्हातारा होशील, सगळ्यांसारखा जगशील. त्याच्या कानात काही शिरत नव्हतं. बाहेर बाकावर बसून तो ढसाढसा रडला. नूतनने पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसली.

तेवढ्यात फोन वाजला. आबा. योगराजने फोन तिच्यापुढे धरला, नूतनने स्पीकर लावून दिला.

"काय निघालं रे?"

"माती... माती बिघडलीय, आबा."



"इलाज हाये ना पण?"

"हाये. रोज ठिबक सोडावं लागंल. जलमभर."

"मंग सोडू. माती बिघडली म्हणून आपुन काय वावर टाकून देतो का? लवकर घरी ये. तुझी माय जेवाची थांबली. अन् फोन त्या बाईले दे."

नूतनने फोन कानाला लावला.

"बाई, ती पिशवी फेकून द्या. धुळ्याच्याच स्टँडाबाहेरची माती हाये ती. यावलहून इतक्या लांब माती कोन आनते?"

"मग आबा... तुम्ही आलात कशाला?"

"त्याचा जळगावचा दोस्त आजारी पडल्यावरच पोऱ्याचं दुखणं मले समजलं होतं. तो ज्याच्या भरोशावर धुळ्याले चालला, ते मानूस कसं हाये, तेवढं पाह्याले आलतो. मी इतकं इचारलं, पन तुम्ही माह्या पोऱ्याचा एक शब्द मले सांगितला न्हाई. तवाच घरी येऊन त्याले म्हटलं, जा."