कॉफीच्या डब्यातली चिठ्ठी

"बाय, काफी ठेव गोऽ!"

समुद्राकडून यायची ही हाक. आधी रापणीच्या मोठ्या जाळ्याच्या दोरांची करकर थांबायची, मग टोपल्या घेऊन धावणाऱ्या बायकांचा गलका उठायचा, आणि त्या गलक्याच्या डोक्यावरून, माडांच्या बुंध्यांतून वाट काढत, माझ्या सासऱ्यांचा आवाज थेट आमच्या चुलीपर्यंत पोचायचा. सत्तावन्न साली मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं. पुढे तीच हाक कानावर येऊ नये असं वाटू लागलं.

मी पद्मावती, मूळची बांद्याची. वडील तेरेखोल नदीवर होडी चालवायचे, माणसं ऐलपैल न्यायचे. दोन कोसांवर तेव्हा फिरंग्यांचं राज्य. तिकडे दिलेली आत्या आली की लुगड्याच्या गाठीत कॉफीच्या बिया घेऊन यायची. वडिलांनी मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं आणि मालवणात रापणकरांच्या घरात दिलं. लवूशी लग्न झालं. सासरे काशीराम रापणीचे म्होरके. वाळूत उभं राहून ते पाण्याचा रंग बघायचे आणि हात वर करायचे. तो हात वर गेला की होडी सुटायची, जाळं पडायचं आणि चाळीस माणसं दोन बाजूंनी दोर ओढायला लागायची.

अशा घरात मी आले, आणि मला माशांत पेडवे कुठले नि तारली कुठली तेही ओळखता येईना. बांगडा चिरताना पित्त फुटायचं. सासूबाई, यमुनाबाई, शेजारणीला मला ऐकू जाईल असं सांगायच्या, "नदीतला मासो हो. खाऱ्यात टिकाचो नाय."

मी पहिलं वर्ष रडण्यात काढलं. मग दिवाळीला माहेरी गेले आणि येताना आत्यानं दिलेल्या बिया आणल्या. खापरीत भाजल्या. घरभर वास सुटला. जात्यावर बसले, आणि तोंडातून आपसूक आलं,

बी भाजतंय गो बी भाजतंय, धूर चढलो माडाक
सासऱ्याच्या कपात माझा म्हायार इला दाराक.

आमच्या बांद्याच्या घरची कॉफी गाळत नसत. तपेलीत पाणी, गूळ, वर दोन मुठी भुकटी. एकदा उकळी, उतरवायची, पुन्हा उकळी. शेवटी थंड पाण्याचा शिंतोडा मारला की चोथा तळाला बसतो. वरची काळीभोर कॉफी कपात, किंचित जायफळ. आई म्हणायची, गाळलेली कॉफी म्हणजे न्हाणीतलं पाणी. तळाचा चोथा तपेलीत तसाच राहायचा. दुसऱ्या कपाला त्यावरच नवी भुकटी पडायची.

मामंजींनी घोट घेतला. कपात डोकावून बघितलं. दुसरा घेतला.

"यमुने," ते म्हणाले, "बांद्याची सोयरीक मी उगाच नाय जोडलंय."

 त्या दिवशी जेवताना माझ्या ताटात सासूबाईंनी सुरमईचा मधला तुकडा वाढला. तो तुकडा मी अजून विसरले नाही.

त्यानंतर माझी कॉफी म्हणजे आमच्या रापणीचा रिवाजच झाला. मामंजींनी पहिला कप घेतल्याशिवाय होडी सुटायची नाही. एकदा मी आजारी होते आणि जाळ्यात नुसतं शेवाळ आलं. झालं, लोकांनी गाठ मारली की काशीरामाच्या सुनेची कॉफी पोटात गेली तरच दर्या हात सैल सोडतो. होडी सुटताना एक कप, जाळं लागताना एक, ओढून झाल्यावर दोन, घरी आल्यावर पाहुण्यांबरोबर. दिवसाला सात-आठ व्हायचे. "कोणाचा घर ह्या?" असं कुणी परक्यानं विचारलं तर वाडीतली पोरं सांगायची, "काफयेचा." शेवंती, विमला, कुणाकुणाच्या सुना होत्या वाडीत, पण घराला नाव माझ्या हातानं पडलं होतं.

त्रेसष्ट सालच्या माघात मामंजी दोर ओढायला लागले आणि छाती धरून वाळूत बसले. धाकटा दीर शिवा त्यांना एस्टीने कोल्हापूरला घेऊन गेला. मोठ्या डॉक्टरांनी रक्त घेतलं आणि सांगितलं, तपासून कळवतो. वीस दिवसांनी टपालानं पाकीट आलं. घरात वाचता येणारी मी एकटी. लवू आणि शिवा सहीपुरते.

सगळे पुढच्या अंगणात, खळ्यात बसले. मामंजी बाकड्यावर, त्यांच्या हातात मी नुकतीच दिलेली कॉफी. मी वाचायला लागले. रक्तात कोलेस्टेरॉल नावाची चरबी फार वाढली आहे, त्याने हृदयाच्या नळ्या अरुंद होतात.

"नळये म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"रक्ताचे वाटो," मी म्हटलं. "खाडयेत गाळ भरता तसा."

मग खाली चार आकडे होते. एक, नारळ व मटण वर्ज्य. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. दोन, विडी सोडणे. तीन, दोर ओढणे अजिबात नाही, उभे राहून देखरेख करण्यास हरकत नाही. लवूनं सुटकेचा श्वास टाकला.

चौथ्या ओळीवर डोळे तोंडाच्या आधी पोचले. 'आपण सात-आठ कप दाट उकळलेली कॉफी घेता असे सांगितले. याबाबत डॉक्टरांत अजून एकमत नाही, तरी आपल्या प्रकृतीस ती बंद करणेच श्रेयस्कर.'

मामंजींनी कपातला शेवटचा घोट घेतला आणि ओठ पुसले. "पुढे? आणखी काय लिवल्यान?"

लोक म्हणतात, मोठं पाप करायला मोठा विचार लागतो. मला काहीच लागलं नाही. पेडवे-तारली न ओळखणारी पोर डोळ्यांपुढे आली, ताटातला मधला तुकडा आला, आणि मी म्हटलं, "काळजी करू नका, म्हणान लिवल्यान."

"बरो माणूस," मामंजी म्हणाले.

लवूनं चिठ्ठी देवाच्या फळीवर ठेवायला सांगितली. तिथं ठेवायची माझी छाती झाली नाही. घडी करून मी ती कॉफीच्या डब्यात बियांच्या खाली सारली. एकमत नाही, असं डॉक्टरच लिहितात ना? मग कशाला? हे मी स्वतःला सांगितलं. दर वेळी बियांत हात घातला की बोटांना तो कागद लागायचा, आणि दर वेळी मी हेच सांगितलं.

पण खरी शरम पुढेच होती. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी खवणी धुतली, पुसली आणि आढ्याला टांगली. आमच्याकडे नारळाशिवाय सार म्हणजे मिठाशिवाय दर्या. मामंजींना एकट्याला वेगळं रांधून वाढायचं आणि आपण ओरपायचं, हे त्यांना पटलं नाही. सगळ्या घरानं नारळ सोडला. कोकम, मिरची आणि तांदळाचं पीठ लावून त्या आमटी करायच्या. माडांच्या बुडात नारळ पडलेले असायचे, आणि आतमध्ये आम्ही ती फिकी आमटी भुरकायचो.

"गो यमुने," शेजारची रुक्मिणी एकदा कुंपणावरून म्हणाली, "तुझ्या घरात सुतक हा काय? खवणेचो आवाज महिनोभर ऐकूक नाय."

"सुतक नाय गो, माझो घोव हा," सासूबाई म्हणाल्या. "तो जगाक व्हयो म्हणान नारळ गेलो."

मी तेव्हा मागच्या दारी बिया भाजत होते.

मामंजींनी विडी सोडली. दोराला हात लावणं सोडलं. दोर जवळून जायचा तेव्हा त्यांची बोटं नुसती वळायची. संध्याकाळी माझ्या हातून कप घेताना ते हसून म्हणायचे, "नारळ काढल्यान, विडी काढल्यान, दोर काढल्यान. एक काफी तेवढी ठेवल्यान. देव बरा करो त्या डॉक्टराचा." मी पाण्याचं प्रमाण वाढवून बघितलं, भुकटी कमी करून बघितली. पहिल्याच घोटाला ते विचारायचे, "बाय, आज बरा नाय काय तुका?" आणि मी पुन्हा दोन मुठी टाकायचे. तीन वर्षं. जात्यावर बसले की ओवी यायची नाही. एकदाच आली, ती अशी,

जात्या रे दगडाच्या, तुका तोंड नाय काय
माझ्या मुठीतला पाप तू दळूक नाय काय.

सहासष्टची नारळी पुनव. दर्याला नारळ द्यायला सगळी वाडी गेली. मामंजींनी मानाचा नारळ सोडला. परत आले तेव्हा शेजारून नारळीभाताचा वास येत होता.

"यमुने, दर्याक नारळ दिलो," ते पोरासारखे म्हणाले. "माका एक घास नाय?"

सासूबाईंनी आढ्याच्या खवणीकडे बघितलं. मग रुक्मिणीकडून वाटीभर भात आणला आणि आपल्या हातानं एक घास त्यांच्या तोंडात घातला. एकच. उरलेली वाटी गाईला दिली.

आठव्या दिवशी मोसमातलं पहिलं जाळं पडायचं होतं. मामंजींनी माझ्या हातचा कप संपवला, पाण्याकडे बघितलं, हात वर केला. होडी सुटली. हात खाली यायच्या आत ते स्वतःच वाळूत कोसळले.

मालवणच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. वाचले. पण अंथरुणाला खिळले, ओठ निळसर, बोलणं तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टर निघाले तेव्हा मी पिशवी पोचवायच्या निमित्तानं त्यांच्या मागून गाडीपर्यंत गेले.

"डॉक्टर, कॉफीनं होतं का हो असं?"

"कोणी म्हणतात होतं, कोणी म्हणतात नाही," ते म्हणाले. "एखाददुसऱ्या कपानं कोणी मरत नाही, बाई. पण चोथ्यासकट उकळून उकळून, दिवसभर प्यायची, ती अशा माणसानं, तर मी घेऊ दिली नसती. किती घ्यायचे हे?"

"दोन," मी म्हटलं.

बघा, तिथंही.

घरी आले तर सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या आणि शिवा अंगणातून ओरडत होता, "आये, तीन वर्सा पथ्य धरलंस, आणि एक दिस धरूक जमला नाय तुका?"

"माझ्याच हातान घातलंय मी तेंच्या तोंडात," त्या म्हणाल्या. एवढंच. रडल्या नाहीत.

लवूनं आईच्या हातचं पाणीही घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका कुजबुजत होत्या. रुक्मिणी, जिनं स्वतः ती वाटी दिली होती, म्हणाली, "एका घासासाठी घोवाक घालवतली ही." मी माझी घागर भरली आणि तिथून निघाले. घागर डुचमळून पाय भिजत होते, पण तोंड उघडलं नाही. कसं उघडणार होतं? नदीतला मासा म्हणतील, एवढंच भय असतं तर उघडलं असतं. मामंजी माझ्याकडे बघतील, हे भय होतं.

सासूबाईंनी जेवण टाकलं. चार दिवस नुसती पेज, तीही ओठाला लावून ठेवून द्यायच्या. पाचव्या दिवशी सकाळी मामंजींनी डोळे उघडले. बाहेर दुसऱ्या कुणाची रापण ओढत होते, दोरांची करकर येत होती. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाय…" आवाज इतका बारीक, की चुलीपर्यंत तो पोचलाच नसता. मी उशाशी होते म्हणून. "काफी… ठेव गो."

मी हलले नाही. सासूबाई उठल्या. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि मामंजींचा तो नेहमीचा कप घेऊन आल्या. पदरानं पुसला. दुसऱ्या हातात कॉफीचा डबा. दोन्ही माझ्यापुढे धरले.

"दी तेंका," त्या म्हणाल्या. "काफयेचा चिठयेत काय नाय ना? मगे दी. माझ्या हातचा नुको. तुझ्या हातचा तरी पिवदेत."

पाच दिवसांत त्यांचे हात वाळून गेले होते. डब्यातल्या बिया वाजत होत्या. लवू दारात उभा. शिवाही आला.

मी डबा घेतला. झाकण काढलं. बियांच्या तळाशी हात घातला आणि कागद वर काढला. तीन वर्षांत तो तेलकट, तपकिरी झाला होता. त्याला कॉफीचाच वास येत होता. उलगडला. अक्षरं अजून दिसत होती, पण मला ती बघावी लागली नाहीत. मामंजी माझ्याकडेच बघत होते.

"आये," मी म्हटलं, "तुमच्या घासाचा नाव घेव नका. ह्यात चौथी ओळ आसा. काफी बंद करा, असा लिवलेला आसा. मी तेव्हाच वाचलंय… आणि तुमका कोणाक सांगूक नाय. माझी काफी बंद झाली तर ह्या घरात माका कोण इचारतला, म्हणान सांगूक नाय."