वाटीभर साखर

वरच्या मजल्यावर पुन्हा काहीतरी आपटलं आणि पाठोपाठ मीनाक्षीवहिनींची किंकाळी आली. मी गॅस बंद केला.

"बस खाली," विश्वास म्हणाला. "सोमवारी तुझं काम व्हायचंय. दोन दिवस कान बंद ठेव, यार!"

नवरा माझा, पण बोलत होता ते खरंच होतं. वर राहणारे वहिनींचे नवरे, अविनाश सर, आमच्याच सेक्शनचे ऑफिसर. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये हीच तर गंमत, दिवसभर ज्याला 'सर' म्हणायचं त्याचाच तमाशा घरी छतातून ऐकायचा. नोकरी सांभाळून समाजकार्याची पदवी घेणाऱ्यांसाठी खात्याची शिष्यवृत्ती होती. माझं नाव लागलं होतं. सरांची शिफारस तेवढी बाकी होती. ती नाही मिळाली तर पुढच्या वर्षाची फी आम्हाला झेपणारच नव्हती.

वर काच फुटली.

मला संताप आला. सरांचा, विश्वासचा आणि स्वतःचाही. कॉलेजात बाईंनी शिकवलं होतं, अशा वेळी भांडायला जाऊ नका, बेल वाजवा आणि काहीतरी मागा. उगारलेला हात तिथेच थांबतो. मी स्टीलची वाटी उचलली आणि जिना चढले.

सरांनीच दार उघडलं. धापा टाकत होते, बाहीवर रक्त.

"सर, जरा साखर हवी होती..."

"अच्छा! साखर?" त्यांनी वाटी हिसकावली आणि माझ्या कपाळावर हाणली. "सोमवारी बघतो तुझी शिफारस!"

पोचलेली वाटी जिन्यात घरंगळली. दार धाडकन बंद. आत पुन्हा मारहाण सुरू. मग मी बेलवर बोट ठेवलं ते काढलंच नाही. शेजारची दारं उघडली. विश्वास धावत वर आला आणि माझं कपाळ बघून त्याने दारावर लाथाच घातल्या.

शेवटी दार उघडलं. सर सगळ्यांना "फॅमिली मॅटर है" सांगत राहिले आणि त्यांच्या मागून वहिनी अनवाणी बाहेर आल्या. ओठ फाटलेला, एक डोळा मिटलेला.

रविवारी आम्ही दोघींनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली. सोमवारी सरांनी शिफारस नाकारली. घरी येऊन मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू?

वहिनी आमच्याकडेच होत्या. त्यांनी ती वाटी पालथी घातली आणि बत्त्याने तिचा पोचा काढायला बसल्या. पहिल्या ठोक्याला आम्ही दोघीही दचकलो. मग त्या जोर लावून ठोकू लागल्या.