तसं काही वाईट नाही

साल १९५६. नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर असलेल्या त्या बेटावर तेव्हा मोजकी घरं होती आणि टेलिफोन एकाही घरात नव्हता. रेडिओ मात्र प्रत्येक स्वयंपाकघरात असे. बायका बटाटे सोलता सोलता तो मासेमारीच्या लहरीवर लावत आणि बोटींवरच्या नवऱ्यांचं बोलणं ऐकत. कोणाला कॉड मिळाला, कोणाचं जाळं फाटलं. ऐकता येई, उत्तर देता येत नसे. बोलायचं यंत्र फक्त बोटींवर आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात. ती घरं आठवली की अजून कॉफीच्या वासाबरोबर ती खरखर आठवते.

नोव्हेंबरात बोर्गहिल्ड बाळंत झाली. पहिलटकरीण. सुईण वादळामुळे दुसऱ्या बेटावर अडकलेली, म्हणून सासूनेच, येन्सिनेने, बाळ हातात घेतलं. मुलगी होती. दणदणीत रडली. हा आवाज काही बापाचा नाही, येन्सिने हसून म्हणाली, बाप तर सणासुदीलाच बोलतो.

मग वार पडेना, आणि रक्त थांबेना. येन्सिने फडकी बदलून बदलून थकली. तिचं हसू गेलं तेव्हा बोर्गहिल्डला कळलं. येन्सिनेने तोर्लैफला, म्हणजे बोर्गहिल्डच्या नवऱ्याला, डॉक्टरांशी बोलायला धक्क्यावरच्या बोटीवर पिटाळलं.

बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरातून आधी डॉक्टरांचा आवाज आला. बाळंतीण कशी आहे, त्यांनी विचारलं. त्या लहरीवर एरवी बाजार भरलेला असे. आता सगळ्या बोटी गप्प झाल्या. सगळे ऐकत होते. तोर्लैफचा नुसता श्वास ऐकू येत होता.

"तसं काही वाईट नाही," तो म्हणाला. "थकलीय जरा. थोडी गळती आहे."

बेटावर हे सगळेच म्हणत. पाय मोडलेला माणूसही हेच म्हणे, आणि ऐकणारा धावत सुटे. पण डॉक्टर दक्षिणेकडचे, नवे. त्यांनी शब्द ऐकले तसे घेतले. झोपू द्या, गोड कॉफी पाजा, वारा पडला की उद्या येतो.

बोर्गहिल्डला ओरडायचं होतं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. रेडिओ दारापलीकडेच होता आणि त्याला कान नव्हते. तोर्लैफचा तिला राग आला नाही. इतक्या पुरुषांदेखत बायकोचं रक्त त्याच्या तोंडी येणार नव्हतं. सकाळपासून तीही सासूला हेच सांगत आली होती, तसं काही वाईट नाही.

येन्सिनेने बाळ तिच्या कुशीत ठेवलं, शाल घेतली आणि निघाली. जन्मात ती बोटीवर चढली नव्हती. बाई चढली की मासे पळतात, असं तिचा नवराच सांगायचा.

गादी ओली, मग गार. भिंती लांब जाऊ लागल्या. तेवढ्यात रेडिओ खरखरला. तोर्लैफचा अंगठा बोलायच्या बटणावरच राहिला असावा.

"सरक तिकडे. मासा मिळाला की अख्ख्या समुद्राला ऐकवतोस, आणि आता तोंडात मिठाची गुळणी?" मग आवाज जवळ आला. "डॉक्टर, मी सासू बोलतेय. वार आत अडकलीय. गादीतून रक्त जमिनीवर ठिबकतंय. उद्या आलात तर पुरायला याल."

मग हालस्टाइन नावाच्या, दुसऱ्या एका बोटीच्या तांडेलाचा घोगरा आवाज आला. "डॉक्टर, धक्क्यावर या. मी न्यायला निघालोय."

डॉक्टर आले ते उलट्या करत, हिरवेपिवळे होऊन. त्यांनी हात घालून वार काढली. पुढे इस्पितळात गर्भाशयही काढावं लागलं. बोर्गहिल्ड वाचली. अंगावर दूध कधी आलं नाही, आणि अंगातला गारठा पुन्हा गेला नाही. उन्हाळ्यातही ती लोकरी मोजे घाले.

मुलगी गूडवेग शेजारणींच्या दुधावर वाढली, मुख्य भूमीवर नांदायला गेली. बोटीवर चढली म्हणून येन्सिनेला बेटावरचे म्हातारे ती मरेपर्यंत चिडवत, पण तिच्या शवपेटीला खांदा द्यायला सगळ्या बोटींचे लोक आले. हालस्टाइन त्या दिवसाविषयी कधी बोलला नाही. डॉक्टर तिथेच राहिले; पुढे कोणी 'वाईट नाही' म्हणालं की आधी कोट चढवत.

तोर्लैफने बायकोची माफी मागितली नाही, तिने विचारलंही नाही. बऱ्याच वर्षांनी, एका मार्चमध्ये, बोर्गहिल्ड बटाटे सोलत असताना रेडिओवर त्याचा आवाज आला. कोणीतरी विचारलं होतं, बोट कशी आहे.

"तसं काही वाईट नाही. थोडी गळती आहे."

तिने सुरी टाकली. तोवर बेटावर टेलिफोन आला होता. बोट बुडतेय, असं तिने बचाव केंद्राला फोन करून स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याचे दोघे सोबतीच तेवढे जिवंत सापडले.