भोवऱ्याच्या दुकानातलं मशीन

आमच्या वहिनीला सोमवारच्या आत कार्पेट धुण्याचं मशीन हवं होतं. नवं परवडणार नव्हतं. भाड्यानं घ्यायला ती तयार नव्हती, कारण भाड्याचं मशीन ऐनवेळी मालकाच्या मेव्हण्याला लागतं, असा तिचा अनुभव होता. राहिलं सेकंडहँड.

इतकी वर्षं ती एका सफाईवाल्या मालकाकडे नोकरीला होती. गुडघ्यांवर बसून, हातात ब्रश घेऊन तिनं ऑफिसांची इतकी कार्पेटं घासली होती की कुठंही शिरली की ती माणसांच्या आधी जमिनीकडे बघायची. दादाला पहिल्यांदा भेटली तेव्हाही तिनं आधी त्याचे बूट पाहिले. बूट स्वच्छ होते. बाकीचं तपासायचं राहून गेलं, असं ती अजून म्हणते.

मग एका गेस्ट हाऊसच्या मॅनेजरबाईंनी तिला सांगितलं की, सोमवारी स्वतःचं मशीन घेऊन या, खालचा कॉरिडॉर करून दाखवा, पसंत पडला तर अख्खी इमारत कायमची तुमच्याकडे. वहिनीनं त्याच दिवशी नोकरी सोडली. मशीन मिळालं नाही तर तिला जुन्या मालकाकडे परत जावं लागणार होतं, आणि त्यानं तिची जागा भरलीच नव्हती. ‘दमली की येईल परत,’ असं तो गावभर सांगत होता. ही गोष्ट घरात कुणी उच्चारत नव्हतं. वहिनी भांडी जरा जास्त जोरात घासायला लागली होती, त्यावरून आम्ही काय ते समजायचो.

शनिवारी आम्ही तिघं भोवऱ्याच्या दुकानात गेलो. दादा तज्ज्ञ म्हणून आला होता. तो बस चालवतो, त्यामुळे ज्या वस्तूला मोटर आहे ती आपलं ऐकते असा त्याचा समज आहे. मी उचलायला होतो.

भोवरा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गरगर फिरणारी जुनी मशीनं विकतो आणि गिऱ्हाइकाला एका जागी ठरू देत नाही, म्हणून भोवरा. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मशीनांच्या दांड्या, वायरींची वेटोळी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले गोल ब्रश. मागच्या बाजूला काचेची केबिन, आणि केबिनमध्ये खुर्ची टाकून भोवऱ्याची आई बसलेली. तिच्या पायाखाली उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहाच्या रंगाचा गालिचा होता. ती काही बोलत नव्हती, फक्त बघत होती. तिकिटं तपासणाऱ्या माणसाच्या नजरेनं.

“या साहेब, हे बघा,” भोवऱ्यानं दादाला पहिल्या मशीनपाशी नेलं. ते चकाकत होतं. दादाला लगेच आवडलं.

“वेग काय असेल ह्याचा?” दादानं विचारलं.

“वेगाचं विचारूच नका.”

“वेगाचंच विचारायचंय,” वहिनी म्हणाली. “हे फरशीला पॉलिश करायचं मशीन आहे, भाऊ. कार्पेटवर फिरवलं तर धूर निघेल.”

“अगदी थोडा निघतो, ताई.”

दुसरं मशीन दाखवण्याची भोवऱ्याची एक खास पद्धत होती. त्यानं जमिनीवर कार्पेटचा एक तुकडा अंथरला, एका हातात चहाचा कप घेतला आणि दुसऱ्या हातानं मशीन सुरू केलं. मशीन डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, आणि कपातून एक थेंब सांडला नाही. “तोल,” भोवरा म्हणाला. “सगळा खेळ तोलाचा आहे.”

दादानं माझ्याकडे पाहून मान हलवली. मीही हलवली. आम्ही दोघं भारावलो होतो.

“चहा पीत का नाही तुम्ही?” वहिनीनं विचारलं.

“अं?”

“मघापासून कप धरलाय. गार होईल.”

तिनं पुढं होऊन कपात डोकावलं. कप रिकामा होता. तिनं कोपऱ्यातल्या थर्मासमधून तो काठोकाठ भरला आणि परत त्याच्या हातात दिला. “आता फिरवा.”

भोवऱ्यानं फिरवलं. खालची तबकडी वाकलेली असावी, कारण मशीन लंगड्या माणसासारखं ठेचकाळायला लागलं आणि चहा त्याच्या बाहीत, माझ्या बुटांवर आणि थोडा छतावर गेला. छतावर कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही.

“ते काय आहे?” वहिनीनं चादरीखालच्या एका ढिगाकडे बोट दाखवलं.

“ते विकायचं नाही. घरचं आहे.”

“घरचं म्हणजे? जेवायला बसतं तुमच्याबरोबर?”

“आमच्या स्वतःच्या कामाला लागतं, ताई. चांगलं आहे म्हणून ठेवलंय.”

बोलून झाल्यावर आपण बाकीच्या मालाबद्दल काय कबूल केलं ते त्याच्या लक्षात आलं. तोवर वहिनीनं चादर काढली होती. जुनं, बुटकं, बैठं मशीन. दांडीवर शाम्पूची टाकी, टाकीतून पाणी सोडायला एक खटका. वहिनीनं ते आडवं करून खाली पाहिलं, तबकडी हातानं फिरवली, वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवली. मग ती माझ्याकडे बघून हसली. वहिनी माझ्याकडे बघून सहसा हसत नाही.

“मी बघतो चालवून,” दादा म्हणाला.

“अहो, राहू द्या.”

“अगं, एवढी मोठी बस चालवतो मी.”

त्यानं दांडी घट्ट धरली आणि बटण दाबलं. ह्या मशीनला चाक नसतं, की वळवलं आणि वळलं. दांडी जराशी उचलली की ते उजवीकडे जातं, जराशी दाबली की डावीकडे. दादानं ती सगळी ताकद लावून दाबली. मशीन डावीकडे निघालं. दादानं दांडी उजवीकडे वळवली. मशीन आणखी जोरात डावीकडे निघालं. मग त्यानं ब्रेक मारला. ब्रेक नव्हता, पण पाय त्यानं मारला, दोनदा, आणि मशीन त्याला घेऊन ब्रशांच्या भिंतीत शिरलं. खिळ्यावरचे ब्रश एकेक करून त्याच्या डोक्यावर पडले.

“थांबा आता पुढच्या स्टॉपला,” मी म्हणालो.

“भाऊजी, प्लग काढा आधी,” वहिनी म्हणाली.

मी प्लग काढला. वहिनीनं दादाला ब्रशांतून बाहेर काढलं आणि त्यातलाच एक ब्रश उचलून भोवऱ्यापुढं धरला. “मशीनबरोबर हा देणार होता ना?”

“तोच असतो त्याला.”

“हा फरशीचा. तारेसारखे केस आहेत. ह्यानं कार्पेट साफ होईल, पण कार्पेट राहणार नाही. मऊ केसांचा द्या. आणि पुसून घ्यायला गोल पॅड, आणि पॅड धरायची तबकडी. ती बसते का तेही इथंच बघणार.”

“ताई, मी म्हटलं ना, हे विकायचं—”

“चालवून तर बघू दे,” केबिनमधून आवाज आला. आईनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. “मघाशी मजा आली.”

भोवरा आईपुढं काही बोलत नसे. त्यानं मऊ ब्रश, पॅड आणि तबकडी काढून दिली, वहिनीनं ब्रश मशीनखाली खट्कन बसवला, टाकीत शाम्पू भरला. मग अंथरलेल्या तुकड्याकडे पाहून ती थांबली. “ह्यावर काय कळणार? रोज धुऊन धुऊन हा तुकडा माझ्या ताटापेक्षा स्वच्छ झालाय. मळलेलं काही आहे का?”

आम्ही सगळ्यांनी एकदमच केबिनकडे पाहिलं.

“त्याचा रंगच तो आहे,” भोवरा म्हणाला. “तपकिरी.”

“घे गं घे,” आई म्हणाली आणि खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

वहिनीनं मशीन केबिनमध्ये नेलं, खटका ओढला आणि नुसत्या मनगटानं दांडी उचलत, दाबत मशीन फिरवायला सुरुवात केली. दादाकडे बघवत नव्हतं. त्याला जे फरफटत घेऊन गेलं होतं, ते वहिनीपुढं मांजरासारखं डोलत होतं. अख्खी जमीन थरथरत होती. आधी काळा फेस आला, मग करडा, मग गुलाबी. वहिनीनं मशीन थांबवलं, पॅड लावून फेस पुसून घेतला आणि बाजूला झाली.

तपकिरी गालिच्याच्या मधोमध परातीएवढं लाल वर्तुळ होतं. वर्तुळात एक पिवळा मोर अर्धा दिसत होता.

आई खुर्चीवरून वाकून त्या मोराकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “हा तर माझा गालिचा.”

“तुझाच आहे, आई. तूच बसतेस त्याच्यावर.”

“गाढवा, माझा. माझ्या बापानं दिलेला. वाटणीच्या वेळी गेला होता तो.”

भोवऱ्याचा चेहरा पडला. त्यानं आम्हाला बाजूला घेऊन हलक्या आवाजात सगळं सांगितलं. घराची वाटणी झाली तेव्हा आईचा लाल गालिचा नाहीसा झाला. तो धाकट्या जावेनंच लांबवला, असं आईनं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, आणि अजून सांगत होती. धाकटी ह्याच इमारतीत वर राहायची. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि दोघींच्या घरच्या लग्नांत अर्धे पाहुणे एकीकडे तोंड करून जेवायचे. भोवऱ्याच्या वडिलांनीच सामान हलवताना गालिचा दुकानात आणून टाकला असणार. त्याच्यावर बुटांचा चिखल बसला, वंगण बसलं आणि शेवटी आई बसली.

“कुजबुजू नका,” आई म्हणाली. तिनं वहिनीला जवळ बोलावलं. “पोरी, हे मशीन हवंय ना तुला?”

“हो आजी.”

“तो देईल. ब्रश, पॅड, जे जे लागेल ते देईल. फक्त एक कर. हा परत मळवून दे.”

“काय?”

“होता तसा कर. बाहेर वंगण आहे, राख आहे, हवं ते घे. मी काही पाहिलं नाही, तुम्ही काही पाहिलं नाही.”

दादा लगेच वंगणाच्या डब्याकडे वळला. तो व्यवहारी माणूस आहे. खोटं कशाला बोलू, माझाही हात राखेच्या बादलीकडे गेला होता. एका परातीएवढ्या मोराच्या बदल्यात अख्खी इमारत मिळत होती.

वहिनी मात्र जागची हलली नाही. तिनं त्या मशीनकडे पाहिलं. एकदा त्याच्या दांडीवरून हात फिरवला. मग दांडी सोडून दिली.

“नाही जमणार, आजी,” ती म्हणाली. “आजच पहिला गालिचा स्वतःच्या नावानं धुतला मी. तोच मळवून धंदा सुरू करू का?”

“मग मशीन नाही.”

“बरं.”

“अगं, सोमवारी—” दादा म्हणाला.

“माहीत आहे मला सोमवारी काय आहे ते,” वहिनी म्हणाली आणि वायर गुंडाळायला लागली. दुसऱ्याची वायर, पण नीट गुंडाळत होती.

तेवढ्यात दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात चमचा, कपाळावर आठ्या. “काय चाललंय काय खाली? माझ्या फळीवरचे डबे नाचत पुढं आले. एक पडलासुद्धा.” हे ती भोवऱ्याला उद्देशून म्हणाली, कारण जावेशी बोलायचं नव्हतं. मग तिची नजर केबिनमध्ये गेली. आईनं पटकन पाय खाली सोडले आणि मोर झाकायचा प्रयत्न केला, पण मोर मोठा होता.

धाकटी आत आली. खाली वाकली, बोटानं मोराची मान चाचपली. तिचे डोळे भरून येणार, असं मला वाटलं. तसं काही झालं नाही.

“मी नेला असता,” ती म्हणाली, “तर एवढा मळू दिला नसता.”

आई भिंतीकडे बघत होती. “ह्यांनी आणून टाकला असेल. मला कसं कळणार?”

“पायाखाली होता, जाऊबाई.”

“पायाखाली कोण बघतं?”

“गल्लीभर चोर म्हणवलंत मला.”

“मग आता काय पाया पडू?”

“पाया नको. गालिचा द्या.” धाकटीनं चमचा कमरेला खोचला. “आळ मी भोगलाय. वस्तू तुमच्याकडे आणि आळ माझ्याकडे, हे किती दिवस चालायचं? आज मी तो घेऊन जाणार. म्हणजे तुमचं बोलणंही खरं होईल.”

आईनं ह्यावर बराच विचार केला. मला वाटतं तिला शेवटचा मुद्दा पटला. “ने,” ती म्हणाली. “पण मी दिला असं सांगायचं नाही.”

“सांगेन की चोरला म्हणून. असा नको, पण. असा ठिगळ लावल्यासारखा. पूर्ण धुऊन हवाय.” ती वहिनीकडे वळली. “तूच केलंस ना हे? कर सगळा. आणि हो, काठ नीट कर. ह्या मशीनांना काठ जमत नाहीत.”

“काठ मी हातानं करते,” वहिनी म्हणाली.

“तिला शिकवू नकोस,” आई म्हणाली. “तिला कळतं.”

“मी तिला सांगतेय, तुम्हाला नाही.”

दुपार त्या भांडणात गेली. दोघी खुर्च्या लावून शेजारी शेजारी बसल्या आणि मोर मुळात किती होते ह्यावर वाद घालत राहिल्या. एकेक मोर फेसातून बाहेर आला तसा वाद मिटत गेला आणि लगेच दुसरा सुरू झाला. दादा आणि मी बादल्या भरून आणत होतो. गालिचा शेवटी इतका लाल निघाला की भोवऱ्यानं डोळे चोळले.

धाकटीच्या मागून आम्ही तो वर पोचवला. खाली आलो तर आई मशीनकडे रोखून बघत होती.

“ह्याला घालव इथून,” तिनं भोवऱ्याला सांगितलं.

“आई, ते आपलं घरचं—”

“घरचंच घर उघडं पाडतं. आज गालिचा काढला, उद्या आणखी काय काढेल. तुझ्या बापानं ह्या दुकानात काय काय आणून टाकलंय ते मला तरी कुठं माहीत आहे? दे त्या पोरीला. ब्रशांसकट दे. एकही मागं ठेवू नकोस.”

भोवऱ्यानं वहिनीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि मुकाट्यानं ब्रश गोळा करायला लागला. वहिनीनं प्रत्येक ब्रश मशीनखाली बसवून पाहिला. जो बसला नाही तो परत खिळ्याला लावला. फुकट मिळतंय म्हणून काहीही घेणाऱ्यांतली ती नाही, हे दादाला त्या दिवशी नव्यानं कळलं.

सोमवारी गेस्ट हाऊसच्या कॉरिडॉरमध्ये मॅनेजरबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. कार्पेट लांबच लांब, मळकट करडं. वहिनीनं टाकी भरली, ब्रश बसवला, दांडी हातात घेतली आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

“काय झालं?” मॅनेजरबाईंनी विचारलं.

“काही नाही,” वहिनी म्हणाली. “सुरू करायच्या आधी एक विचारते. हे कार्पेट नक्की तुमचंच ना?”