अ‍ॅरोगंट

"मांगनारा मानूस घमेंडी कसा असीन, आबा? हे कोनं सांगतलं तुमाले?"

विहारातल्या फळ्यासमोर उभं राहून मी हे पंधरा पोरांदेखत विचारलं. आबा म्हणजे माझे वडील, ग्यानबा. वाशीमच्या कोर्टातून शिपाई म्हणून निवृत्त झाले. एका वकिलानं दिलेल्या जाड्या डिक्शनरीतून ते अकरा वर्षं आमच्या गावच्या बुद्धविहारात रोज एक इंग्रजी शब्द लिहीत आले: शब्द, मूळ, अर्थ, उपयोग. त्या रविवारी 'अ‍ॅरोगंट' होता, म्हणजे गर्विष्ठ. मूळ लॅटिन, मागणे. जे आपलं नाही त्यावर हक्क सांगणे.

मी वाशीमला इंग्रजीचा प्राध्यापक. मला हसूच आलं. ती ओळ पुसून मी 'मूळ: उंच असणे' असं ठोकून दिलं. आबा नुसतं "बरं" म्हणाले.

सोमवारी कॉलेजच्या लायब्ररीत सहज शब्द काढून पाहिला. आबांचं अक्षर न् अक्षर बरोबर होतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण मी किती जणांना ऐकवली असेल. लाजेनं माझे कान तापले.

पुढच्या रविवारी पोरं जमायच्या आधीच विहारात गेलो. फळ्यावर अजून माझीच ओळ होती.

"आबा, तुमीच बरोबर होते."

"मालूम हाये मले. त्याच दिवशी घरी जाऊन पायलं."

"मंग बोलले काहून नाही?"

"पोरायसमोर तुले खोटं पाडू?" आबा सतरंजी अंथरत म्हणाले. "आता पोरं म्हंतात, आबा, पयले सरले इचारून लिहा. मंग मी लिहिनंच सोडलं."

अकरा वर्षांचं काम मी एका डस्टरनं बंद पाडलं होतं. आज सगळ्यांदेखत चूक कबूल करायची, असं मी ठरवलं.

पोरं आली. पाचवीतली संस्कृती वही उघडून म्हणाली, "सर, आबाचं चुकलं होतं ना? खोडू का?"

मी उठलो. पंधरा तोंडं माझ्याकडे वळली, त्यातली निम्मी तरी मला बघून शिकायचं म्हणणारी. मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. मी खडू उचलला आणि परत खाली ठेवला.

"खोड, बेटा," आबाच म्हणाले. "माहंच चुकलं."

ते मला वाचवत होते, आणि मी वाचवून घेतलं. गुमान खाली बसलो. वह्यांवर रबरं घासली जाऊ लागली. धम्मदीपा नावाच्या पोरीजवळ रबर नव्हतं. आबांनी खिशातून आपलं काढून तिला दिलं.